बाव निजता : भूतकथेचा कच्चा माल

माझी पहिली भूतकथा एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी परत पाठवली, तेव्हा सोबत दोनच ओळी होत्या : वाडा, अमावास्या, पांढरं लुगडं, सगळं आहे, तुमचं यात काय? राग आला. मग आठवलं, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून मी जो वाडा रंगवला होता, तसल्या वाड्यात मी एकही रात्र काढलेली नव्हती.

त्या मे महिन्यात वही घेऊन आजोळी गेलो, वेंगुर्ल्याकडे. आणि नवशिके करतात तेच केलं. भेटेल त्याला विचारत सुटलो, 'तुम्ही कधी भूत बघितलंय का?' हा प्रश्न फुकट जातो. लोक एक तर हसतात, नाही तर पाठ झालेली गोष्ट ऐकवतात : रात्री एसटी चुकली, वाटेत एकाने विडीला काडी मागितली, खाली बघतो तर पाय उलटे. चौघांनी मला ही सांगितली, प्रत्येकाच्या काकाच्या बाबतीत घडलेली.

वाट सापडली ती चुकून. तिन्हीसांज उलटल्यावर कळशी घेऊन परसात निघालो, तर आजी आतून ओरडली, "रातीचा पाणी काढूचा नाय. बाव निजता."

विहीर झोपते! का, कधीपासून, उठवली तर काय होतं, तिला ठाऊक नव्हतं आणि तिचं त्यावाचून काही अडतही नव्हतं. त्या दोन शब्दांवर माझी पहिली छापून आलेली कथा उभी राहिली. तेव्हापासून मी विचारतो, रात्री तुमच्याकडे काय करत नाहीत? नखं कापत नाहीत, शीळ घालत नाहीत, बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. हे लोक भरभरून सांगतात, कारण त्यांच्या लेखी ती घरची रीत असते. भुताचं नाव काढलं की तेच लोक सावध होतात.

आरवलीच्या वेतोबाला मोठाल्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात, असं मानतात. वेतोबा ग्रामदैवत आहे, त्याला भुतांच्या रांगेत बसवू नका. पण झिजलेला तळवा बघा. फिरणारा कुणाला दिसत नाही, झीज मात्र दिसते. घरात, वाटेवर अशी झीज शोधायची सवय लावून घ्या. वर्णनाची चार पानं लिहायची वाचतात.

जुन्या भुतांची नावंही नीट ऐका. मुंजा म्हणजे मुंज झाली आणि सोडमुंजीआधीच गेला तो मुलगा, पिंपळावर राहणारा. हडळीच्या कितीतरी गोष्टींत ती बाळंतपणात गेलेली बाई असते. बाळंतीण दगावणं घरोघरचं होतं त्या काळाची ती भीती आहे. कुणाचं काय अर्धं राहिलं ते कळलं, की भूत आपोआप सुचतं. शनिवारवाडा तर लिहून लिहून गुळगुळीत झालाय, पण मला तिथे एकच शब्द अजून टोचतो. 30 ऑगस्ट 1773 ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, वय 18. सांगतात ती हाक 'काका, मला वाचवा'. त्यातला 'काका' काढून 'कुणीतरी वाचवा' म्हणून पाहा. उरतं काही?

शास्त्रीय कारण कळलं की कथा मरते, असं मला वाटायचं. चकव्याने ते मोडलं. ओळखीच्या रानात माणूस रात्रभर फिरतो आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतो, तो चकवा. 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना अनोळखी जंगलात सरळ चालायला सांगितलं. आभाळ ढगाळलेलं आणि सूर्य दिसत नसला की ती गोल फिरून आपलीच वाट ओलांडत, आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री असे. आता सांगा, जास्त भीतीदायक काय? वाट चुकवणारं भूत, की ती खात्री?

एक रात्र जागून काढाच, मोबाइल बंद ठेवून. नुसते आवाज टिपा. दिवसभर तापलेलं छप्पर गार होताना वासे कडकडतात. झावळ पडते तेव्हा कुणीतरी अंगणात उडी मारल्यासारखं वाटतं. गव्हाणी घुबडाचा फिस्कारा तर असा, की पहिल्यांदा ऐकल्यावर मी वही तिथेच टाकून मामाच्या खोलीत जाऊन झोपलो. (लेखक म्हणून हे लाजिरवाणं आहे, पण झालं खरं.) लिहिताना मात्र 'घुबड' हा शब्द कागदावर आणू नका. पात्राला जेवढं कळलं तेवढंच वाचकाला.

आता माझी चूक. त्याच गावातली एक सून विहिरीत गेली होती, फार जुनी हकिकत नव्हे. दुसऱ्या कथेत मी ती जवळजवळ जशीच्या तशी उचलली. नाव बदललं, बाकी विहिरीकडेचा चाफा, हातातल्या हिरव्या बांगड्या, सगळं तेच. वहीत इतकं छान उतरलं होतं की टाकवेना. दिवाळीनंतर मामाचा फोन आला. तिचा भाऊ अंक घेऊन घरी आला होता. भांडला नाही. पडवीत बसला, पाणी प्यायला, अंक तिथेच ठेवून गेला.

तेव्हापासून ठिकाण, नातं आणि मरणाची रीत, तिन्ही बदलतो. तरीही घरच्यांना ओळखू येईल असं वाटलं तर लिहीत नाही. तशा सहा हकिकती वहीत पडून आहेत. तो अंक मामाकडेच आहे. मी मागितला नाही, त्यानेही दिला नाही.