दादरच्या फुलबाजारातलं फुटेज घ्या आणि कलर ग्रेडिंग शिका

पहाटे पाचला दादरच्या फुलबाजारात शूट केलं की ग्रेडिंगमधल्या, म्हणजे शूटनंतर व्हिडिओचे रंग-उजेड नीट करण्याच्या कामातल्या, निम्म्या अडचणी एकाच फ्रेममध्ये सापडतात. डोक्यावर निळी ताडपत्री, तिच्याखाली एलईडी बल्ब, मागून हळूहळू उजाडतंय आणि समोर झेंडूचे ढीग. म्हणून कुणी शिकवा म्हणून आलं की मी आधी तिथलं पाच मिनिटांचं फुटेज आणायला सांगतो.

सुरुवातीला मी असल्या फुटेजवर नेटवरून उतरवलेला लट, म्हणजे तयार लूकची फाइल, थेट चिकटवायचो. एकदा तिथल्याच एका मावशींना व्हिडिओ दाखवला तर म्हणाल्या, "अरे बाळा, मला काय कावीळ झालीय का?" खरंच, चेहरा पिवळाधमक झाला होता आणि मी मात्र मागच्या निळ्या सावल्या बघून खूश होतो. तेव्हापासून क्रम ठरला, आधी चेहरा, मग लूक.

सॉफ्टवेअर म्हणाल तर दा विंची रिझॉल्व्हचं फ्री व्हर्जन भरपूर झालं, ३८४० बाय २१६० पर्यंत एक्स्पोर्ट मिळतो. टेम्पोरल नॉइज रिडक्शन (दाणे घालवणं) आणि डीफ्लिकर (बल्बची लपलप घालवणं) मात्र विकतच्या स्टुडिओ व्हर्जनमध्येच आहे, त्यामुळे ती काळजी शूटलाच घ्यायची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर बल्ब लपलप करतात आणि मग घरी येऊन डोकं धरून बसावं लागतं. आणि जमलं तर १० बिटमध्येच शूट करा. ८ बिटमध्ये लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक चॅनलला २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४. पावसाळ्यातलं करडं आभाळ ८ बिट लॉगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या फिक्या, कमी कॉन्ट्रास्टच्या सेटिंगमध्ये, घेऊन थोडं ताणलं की पट्टे दिसायला लागतात, ते नंतर काढणं फार कटकटीचं.

आता फुटेज उघडा. लॉग असेल तर सगळं राखाडी, धुतल्यासारखं दिसेल, घाबरू नका, फुटेज खराब नाहीये. तीन-चार नोड, म्हणजे एकामागून एक लागणारे कामाचे टप्पे, बनवा आणि सगळ्यात शेवटच्या नोडवर कलर स्पेस ट्रान्सफॉर्म टाका, तो लॉगचे रंग स्क्रीनच्या रंगांत बदलतो. इनपुटला तुमच्या कॅमेऱ्याचा लॉग, म्हणजे सोनी असेल तर एस-लॉग ३ आणि त्याचा गॅमट (रंगांची व्याप्ती), आउटपुटला रेक ७०९, म्हणजे नेहमीच्या स्क्रीनचं रंगाचं मानक. बाकीचं सगळं काम या नोडच्या आधी करायचं, कारण आधी लॉगमधला सगळा माल हाताशी असतो.

पहिल्या नोडवर एक्स्पोजर आणि बॅलन्स. ऑफसेट चाकाने अख्खी फ्रेम वर-खाली करा आणि डोळ्यांपेक्षा स्कोपवर, म्हणजे रंग-उजेड मोजणाऱ्या आलेखांवर, विश्वास ठेवा, कारण अर्ध्या तासात डोळ्यांना कुठलाही रंग बरोबर वाटायला लागतो. परेड नावाच्या स्कोपमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन पट्टे दिसतात. फ्रेममध्ये पांढरं किंवा राखाडी काहीतरी शोधा, चहाचा कागदी कप चालेल, ग्रे कार्ड असेल तर सोन्याहून पिवळं. त्या जागी तिन्ही पट्टे एका उंचीवर आले की बॅलन्स झाला.

मग चेहरा. वेक्टरस्कोपमध्ये, म्हणजे रंगांच्या गोल आलेखात, स्किन टोनची रेषा चालू करा, घड्याळात अकरा वाजतात साधारण त्या दिशेला असते. गोरा असो, सावळा असो की काळा, निरोगी कातडीचा रंग याच रेषेच्या आसपास पडतो, फरक असतो तो उजळपणाचा. म्हणून रंग रेषेजवळ आणा पण माणसाला गोरं करू नका. उन्हात राबलेल्या चेहऱ्याला उजळवून पिठासारखा करणारे व्हिडिओ बघितले की मला मनापासून वाईट वाटतं. ताडपत्रीची निळी झाक गालावर असेल तर त्यावर गोल विंडो टाकून ट्रॅक करा, म्हणजे ती चेहऱ्यासोबत हलेल, आणि थोडी ऊब द्या, पण झाक पूर्ण पुसू नका, थोडी राहू दे, तिथे ताडपत्री आहेच ना.

खरी गंमत झेंडूची. लाल चॅनल इतका वर जातो की पाकळ्या विरघळून नुसता केशरी गोळा उरतो. आता क्वालिफायरने, म्हणजे एकच रंग निवडायच्या साधनाने, केशरी पकडायला गेलात की चेहरेही पकडले जातात, कारण दोघांचा ह्यू (मूळ रंग) जवळजवळचा. इथे सॅट व्हर्सेस सॅट कर्व्ह वापरा, त्यात जास्त किंवा कमी सॅच्युरेशनचे (भडकपणाचे) रंग वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. झेंडूचं सॅच्युरेशन कातडीपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे कर्व्हचं फक्त उजवं टोक खाली ओढलं की फुलं शांत होतात, पाकळ्या सुट्या दिसतात आणि चेहऱ्याला धक्काही लागत नाही. हे मला कळायला दोन वर्षं लागली, तुम्ही आजच करून बघा.

लट आवडत असेल तर आता टाका, पण तो रेक ७०९ साठीचा असेल तर ट्रान्सफॉर्मच्या नंतरच्या नोडवर, आणि की आउटपुट गेन (नोडचा परिणाम किती लागावा ते) ०.४ वगैरे करून.

एक्स्पोर्ट करण्याआधी दहा मिनिटं गॅलरीत जाऊन बाहेरची झाडं बघून या, मग परत बसा, काहीतरी खटकतंच. फोनवर बघताना स्क्रीन पिवळी करणारा नाइट मोड बंद करा, ब्राइटनेस पूर्ण ठेवा, आणि एकदा दुपारी लोकलच्या दारापाशीही बघा, कारण लोक बघणार तिथेच, आणि सावल्यांमधलं जे घरच्या अंधारात सुंदर दिसत होतं ते तिथे दिसत नसेल तर गॅमा (मधला उजेड) थोडा वर घेऊन परत काढा.