भरीत जमतं की फसतं, ते भाजतानाच ठरतं

चार माणसांना किलोभर वांगी लागतात. जांभळी नकोत, फिकट हिरवी घ्या. आकाराच्या मानाने हाताला हलकं लागतं ते वांगं घ्यायचं, जड वांग्यात बिया निघतात. जळगाव जिल्ह्यातल्या आसोदा, बामणोदकडची मिळाली तर दुसरीकडे बघूच नका. जळगावच्या भरीत वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण खाणाऱ्यांना ती आधीपासून ठाऊक आहेत: गर भरपूर, बी नावाला.

देठ ठेवा. प्रत्येक वांग्याला सुरीने दोन-तीन खोल टोचे मारा. हे राहिलं तर आतली वाफ कोंडते आणि वांगं फुटून गर राखेत जातो.

आता भाजणं. बहुतेकांचं भरीत इथेच बिघडतं, आणि दोष मात्र मसाल्याला देतात. जमिनीवर वाळलेल्या पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा, म्हणजे कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांचा थर द्या, वर वांगी एकाला एक न चिकटवता मांडा, त्यांच्यावर पुन्हा काड्या आणि मग पेटवा. काड्यांचा जाळ सगळ्या बाजूंनी लागतो, म्हणून वांगं सारखं भाजतं आणि धुराचा वासही मुरतो. मात्र काड्या भडकतात तशा लवकर विझतात. साल पाच मिनिटांत काळी होते आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं. झालेलं नसतं! थोड्या-थोड्या काड्या टाकत राहा, काठीने वांगी फिरवा आणि जाळ बसला की पाच मिनिटं गरम राखेत राहू द्या.

सालीच्या रंगावर कधीही जाऊ नका. देठाजवळची मान दाबून बघा, कारण ती सगळ्यात शेवटी शिजते. तिथे बोट सहज रुततंय आणि वांगं उचलल्यावर देठापासून लोंबतंय, तर ते भाजलं. मान कडक राहिली तर कुटताना पांढऱ्या गाठी निघतात आणि भरीत कच्चट लागतं. फोडणीत कितीही परता, तो कच्चटपणा जात नाही.

गॅसवर करायचं तर जाळी ठेवा, आच मध्यम, दोन-दोन मिनिटांनी फिरवा. पाव किलोच्या वांग्याला पंधरा मिनिटं तरी द्या, आणि शेवटी मान आचेवर धरा. मोठ्या आचेवर साल जळते, आत कच्चं राहतं. कुकरमध्ये उकडलेलं वांगं म्हणजे भरीत नव्हे.

भाजलेली वांगी चाळणीत तिरपी ठेवून दहा मिनिटं निथळू द्या. तपकिरी, कडसर पाणी निघतं, ते फेकायचं. साल गरम असतानाच काढा, बोटं पाण्यात बुडवत. वांगी नळाखाली धरू नका, धुराची सगळी चव वाहून जाते.

दहा-बारा हिरव्या मिरच्या भाजून, एक गड्डा लसूण आणि मीठ घालून बडगीत, म्हणजे कुटायच्या लाकडी भांड्यात, कुटा, मग त्यातच गर कुटा. मिक्सर लावू नका. गराचा लगदा होतो, दाताखाली काही येत नाही.

अर्धी वाटी तेलात अर्धी वाटी अख्खे शेंगदाणे आणि मूठभर खोबऱ्याचे काप तळा, जिरं टाका, जुडीभर चिरलेली कांद्याची पात दोन मिनिटं परता, मग कुटलेला गर. कडेला तेल सुटलं की उतरवा, वर कोथिंबीर. हळद नको, टोमॅटो तर मुळीच नको: हळदीने हिरवट रंग जातो, टोमॅटोच्या आंबटपणाखाली धूर दबतो.

सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी किंवा पुरी. कळण्याला चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीसकट उडीद धरा आणि दळतानाच थोडं मीठ टाका. पुऱ्या भरीत तयार झाल्यावरच तळायला घ्या.