तापमान कंट्रोलरचे अलार्म सेट करताना

भट्टीच्या कंट्रोलरच्या बटणांना हात लावण्याआधी कागदावर तीन आकडे लिहा: नेहमीचा सेट पॉइंट (कंट्रोलरला राखायला दिलेलं तापमान), माल बिघडायला लागतो ते तापमान आणि यंत्राला धोका पोचतो ते तापमान. समजा हे १८०, १९० आणि २०० अंश आहेत. पहिला अलार्म दुसऱ्या आकड्याच्या थोडा अलीकडे ठेवायचा, म्हणजे ऑपरेटरला काही करायला वेळ मिळतो. दुसरा तिसऱ्या आकड्याच्या अलीकडे, हीटरची वीज तोडण्यासाठी.

आता प्रकार. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. डिव्हिएशन अलार्म सेट पॉइंटसोबत सरकतो. +८ दिला तर १८० ला तो १८८ वर वाजेल आणि कुणी सेट पॉइंट २५० केला की २५८ वर. ॲब्सोल्यूट अलार्म जागचा हलत नाही. म्हणून मालासाठी डिव्हिएशन आणि यंत्राच्या रक्षणासाठी ॲब्सोल्यूट. उलट केलंत, तर चुकून वाढवलेल्या सेट पॉइंटबरोबर तुमचं संरक्षणही वर जाईल.

हिस्टेरेसिस, म्हणजे अलार्म वाजतो आणि सुटतो त्या तापमानांमधलं अंतर, शून्य ठेवू नका. अर्धा तास डिस्प्ले बघा. तापमान एकूण दीड अंश हलत असेल, तर हिस्टेरेसिस २ ते ३ अंश द्या. नाहीतर सीमेवर रिले (अलार्मचा विजेवर चालणारा स्विच) टकटक करत राहतो आणि कॉन्टॅक्ट जळतात. फार मोठाही नको. +८ च्या अलार्मला ८ अंश हिस्टेरेसिस दिलं, तर तापमान थेट सेट पॉइंटपर्यंत उतरल्याशिवाय अलार्म सुटत नाही, आणि लोक हूटरची वायरच काढून ठेवतात. दार उघडल्यावर येणाऱ्या क्षणिक झटक्यांसाठी पहिल्या अलार्मला ५ ते १० सेकंद डिले पुरतो.

लो अलार्म (तापमान खाली गेल्यावर वाजणारा) लावत असाल तर स्टँडबाय चालू करा. नाहीतर दर सकाळी थंड भट्टी सुरू केली की हूटर बोंबलणारच. स्टँडबायमध्ये तापमान एकदा मर्यादेच्या आत येईपर्यंत तो अलार्म गप्प असतो. हीटर तोडणाऱ्या हाय अलार्मला मात्र स्टँडबाय नको, लॅच हवा: रिसेट माणसानेच करायचा.

रिले फेल-सेफ ठेवा, म्हणजे सगळं ठीक असताना तो ओढलेला (कॉइलला वीज मिळालेला) असतो आणि अलार्म आला किंवा कंट्रोलरची वीज गेली की सुटतो. हीटरच्या कॉन्टॅक्टरची (हीटरला वीज देणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल रिलेच्या कॉमन आणि एनओ (रिले सुटलेला असताना उघडा) यांच्यातून न्या. मेनूत फेल-सेफ निवडून वायर एनसी (रिले सुटलेला असताना जोडलेला) वर राहिली, तर सगळं नीट असतानाही हीटर लागत नाही. हा घोळ वरचेवर होतो. कॉइलवर आरसी स्नबर (विजेचे झटके शोषणारा भाग) लावायला विसरू नका.

सेन्सर तुटल्यावर रीडिंग वर जाईल असं ठेवा. खाली जाऊ दिलं, तर कंट्रोलरला भट्टी थंड वाटेल आणि हीटर पूर्ण चालू होईल. थर्मोकपलची (दोन धातूंच्या तारांच्या सेन्सरची) केबल वाटेत शॉर्ट झाली तर हेही कामाला येत नाही, कारण तो शॉर्ट जिथे आहे तिथलं तापमान दाखवत राहतो आणि आकडा अगदी शहाण्यासारखा दिसतो. त्यासाठी लूप ब्रेक अलार्म वापरा: आउटपुट १०० टक्के असूनही ठरलेल्या वेळात तापमान २ अंशही चढलं नाही तर वाजणारा. ही वेळ नेहमी लागते त्याच्या दुप्पट द्या.

चाचणीसाठी नुसता अलार्मचा आकडा खाली आणून बघितलं तर सेन्सरची बाजू तपासली जात नाही. थर्मोकपल काढून मिलिव्होल्ट सोर्स (सेन्सरऐवजी हवा तो व्होल्टेज देणारं उपकरण) जोडा. के टाइप थर्मोकपलला २०० अंशांवर ८.१३८ मिलिव्होल्ट असतात, पण कंट्रोलरचं टर्मिनल २५ अंशांवर असेल तर त्या तापमानाचे १.००० वजा करून ७.१३८ द्यायचे. सोर्स हळूहळू वाढवा आणि कॉन्टॅक्टर खरोखर पडतो का ते डोळ्यांनी पाहा. डिस्प्लेवरचा अलार्मचा दिवा पुरावा नाही. शेवटी पॅरामीटर लॉक करा आणि सगळे आकडे पॅनेलच्या दारावर आतून चिकटवा.

एवढं करूनही जिथे आग लागू शकते तिथे वेगळा सेन्सर असलेला स्वतंत्र ओव्हर-टेंपरेचर लिमिटर हवाच. हा कंट्रोलर गोठला (हँग झाला) तर त्याचे अलार्मही त्याच्याबरोबर गोठतात.