माणूस बदलताना पाहायचा असेल तर

बॉडी हॉरर, म्हणजे माणसाचं शरीरच भयंकर रीतीनं बदलत जातं असे भयपट, पहिल्यांदाच पाहणार असाल तर सुरुवात डेव्हिड क्रोननबर्गच्या 'द फ्लाय'पासून (१९८६) करा. जपानचा 'टेत्सुओ', फ्रान्सचा 'तितान' हे नावाजलेले असले तरी नंतर. मी नाटकांची रंगभूषा करतो आणि हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांना आधी हाच सिनेमा दाखवतो. त्यात बदल टप्प्याटप्प्यानं होतो आणि प्रत्येक टप्पा डोळ्यांना नीट सापडतो.

गोष्ट थोडक्यात अशी. सेथ ब्रंडल नावाचा शास्त्रज्ञ वस्तू एका पॉडमधून (बंद कक्षातून) दुसऱ्या पॉडमध्ये पाठवणारं यंत्र बनवतो. एका रात्री तो स्वतःच आत बसतो, सोबत माशी शिरते आणि संगणक दोघांना जनुकांच्या पातळीवर एक करून टाकतो. त्याआधी माकडावरच्या प्रयोगाचा एक प्रसंग आहे. प्राण्यांचे हाल पाहवत नसतील तर तेवढा पुढे ढकला, काही बिघडत नाही.

माशी शिरल्यानंतरची काही मिनिटं मात्र मोबाइल बाजूला ठेवून बघा. ब्रंडल आजारी पडत नाही, उलट टवटवीत होतो. कसरती करतो, कॉफीत साखरेचे चमच्यावर चमचे ओततो, बोलायला लागला की थांबत नाही. त्याच्या पाठीवर उगवलेले राठ केस मैत्रीण व्हेरोनिकाच्या नजरेस पडतात. ती तपासून घ्यायला सांगते, तो चिडतो. इथे स्वतःला एक प्रश्न विचारा आणि पुढचा प्रत्येक सिनेमा पाहताना तोच विचारत राहा: हा बदल कोणाला दिसतोय आणि कोणाला दिसत नाहीये?

मग येतो बाथरूममधला प्रसंग. ब्रंडल आरशासमोर उभा असतो आणि बोटाचं नख अलगद निघून हातात येतं. बोट दाबलं तर आतला द्राव आरशावर उडतो. बरेच जण इथे डोळे मिटतात. मिटू नका, त्यापेक्षा आवाज कमी करा. अशा प्रसंगांत पोटात ढवळतं ते बरंचसं त्या ओल्या, चिकट आवाजांमुळे. आवाज उतरवला की ब्रंडल झालेल्या जेफ गोल्डब्लमचे डोळे बघता येतात, आणि प्रसंग त्या डोळ्यांत आहे: भीती आहे, पण एखादा प्रयोग निरखावा तसं कुतूहलही आहे. ख्रिस वालस आणि स्टीफन डुपुई यांना या रंगभूषेसाठी ऑस्कर मिळालं. त्यांनी चेहऱ्यावर थरामागून थर चढवले, तरी नटाचे डोळे शक्य तितके दिवस मोकळे ठेवले. आमच्या कामातला सगळ्यात कठीण संयम हाच, असं मी मनापासून मानतो. स्पिरिट गम (कातडीवर चिकटवायचा गोंद) आणि लेटेक्स (खोटी कातडी बनवायचं रबर) हाताशी असलं की आणखी लावावंसं वाटतंच.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा व्हेरोनिकाच्या बाजूनं बघा. जवळचा माणूस दर भेटीत थोडा कमी झालेला दिसतो आणि तरी तिला त्याच्याजवळ जावंसं वाटतं. म्हातारपण आणि आजार हेच आपल्या मनात होतं, असं क्रोननबर्गनं सांगितलेलं आहे. घरात नुकतंच मोठं आजारपण होऊन गेलं असेल तर हा सिनेमा सध्या बाजूलाच ठेवा. तो त्या जागी फार खोल लागतो.

यानंतर डॅरन ॲरोनोफस्कीचा 'ब्लॅक स्वान' (२०१०). तोच प्रश्न इथे उलटा होतो: नर्तकी नीनाच्या अंगावरचे बदल तिला दिसतात, इतरांना बहुतेक दिसतच नाहीत. खरं काय आणि भास काय याची यादी करत बसू नका, त्यात नॅटली पोर्टमनचं काम निसटून जातं. पाठीवरचे ओरखडे, बोटांची कातडी आणि आरसे एवढ्यांवर लक्ष ठेवा.

कोराली फारजाच्या 'द सब्स्टन्स'नं (२०२४) शेवटी पडदा रक्तानं भरून टाकला आणि रंगभूषेचं ऑस्करही घेतलं. मला त्यातला सर्वांत भयंकर वाटतो तो बाहेर जेवायला जायच्या तयारीचा प्रसंग. डेमी मूर तयार होते, आरशात बघते, परत जाते, लिपस्टिक बदलते, पुन्हा बघते आणि शेवटी हातानं तोंड खसाखसा पुसून काढते. तिच्या चेहऱ्यात वावगं काहीच नाही. ते वावगं फक्त तिला दिसतं. हा सिनेमा सव्वादोन तासांहून मोठा आहे, शेवटचा भाग फार अंगावर येतो, म्हणून जेवणाच्या ताटावर बसून लावू नका. खाण्याशी किंवा स्वतःच्या दिसण्याशी झगडा चालू असेल तर एकट्यानं तर नकोच.

जुनं, कृष्णधवल बघायची तयारी असेल तर जॉर्ज फ्रांजूचा 'आइज विदाउट अ फेस' (१९६०) शोधा. अपघातात चेहरा गमावलेली क्रिस्तियान, तिच्यासाठी दुसऱ्या मुलींचे चेहरे काढून आणणारा सर्जन बाप, आणि तिला स्वतःला पाहता येऊ नये म्हणून आरसे नसलेलं घर. एडिथ स्कोबच्या तोंडावर जवळजवळ पूर्ण वेळ एकच पांढरा, निर्विकार मुखवटा आहे. तिनं मान किती अंशांत वळवली, खांदे कधी पाडले, पावलं कशी टाकली एवढ्यावर सगळं दुःख पोचतं. मुखवटा लावून काम करणाऱ्या नटांनी ते पुन्हा पुन्हा थांबवून पाहावं. चेहरा सोलण्याच्या शस्त्रक्रियेचा प्रसंग आजही कडक आहे. नको वाटला तर तोही पुढे ढकला, पण त्यानंतर नवा चेहरा हळूहळू बिघडत जाताना लागोपाठ दाखवलेली छायाचित्रं चुकवू नका.