मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्यावर माप घ्यायचंय? आधी कॅलिब्रेशन करून घ्या

बीएस्सीला ऑक्युलर (आयपीसमधली मोजपट्टी) आणि स्टेज मायक्रोमीटर (स्लाइडवर कोरलेली बारीक मोजपट्टी) यांचं प्रॅक्टिकल आपण सगळ्यांनी केलेलं असतं, जर्नलवर सही पण घेतलेली असते, आणि तरी कॅमेरा लावला की बरेच जण तोच जुना फॅक्टर (आयपीसमधला एक भाग म्हणजे किती मायक्रॉन तो आकडा) घेऊन स्क्रीनवर मोजायला बसतात. तो इथे चालत नाही. ट्रायनॉक्युलरच्या, म्हणजे कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेल्या मायक्रोस्कोपच्या, वरच्या नळीतून प्रकाश थेट कॅमेऱ्यात जातो, तुमची आयपीस त्या वाटेत नसतेच. कॅमेऱ्याला फक्त पिक्सेल कळतात, एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन हे आपणच त्याला सांगायचं असतं.

लागतं काय तर एक स्टेज मायक्रोमीटर आणि इमेज-जे. हे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत तयार झालं, फुकट आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. मायक्रोमीटरवर १ मिलिमीटरचे १०० भाग केलेले असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉनचा. स्वस्तातल्या स्लाइडवर कधी कधी दोन पट्ट्या असतात, एक ०.०१ मिमीची आणि दुसरी ०.१ मिमीची, तेव्हा काचेवर काय लिहिलंय ते आधी वाचा, नाहीतर सगळी मापं दहापट चुकतात.

आता १० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हवर (स्लाइडजवळची लेन्स) पट्टी शोधा. रेघा खूप बारीक असतात, सापडत नाहीत, तर स्टेजखालच्या कंडेन्सरचा डायफ्राम (प्रकाशाची झडप) थोडा बंद करा, लगेच उठून दिसतात. पट्टी फ्रेमच्या मधोमध आणि शक्य तेवढी आडवी सरळ करा, कॅमेरा थोडा फिरवावा लागला तरी फिरवा. मग फोटो काढा, आणि ज्या रिझोल्यूशनला नेहमी काढणार त्याच रिझोल्यूशनला काढा. लाइव्ह प्रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट घेऊन कॅलिब्रेट करू नका, प्रिव्ह्यू आणि सेव्ह झालेली इमेज यांचे पिक्सेल बऱ्याचदा वेगळे असतात.

इमेज-जेमध्ये फोटो उघडून सरळ रेघेचं टूल घ्या आणि पट्टीवर रेघ ओढा. दोनच खुणांमधलं अंतर घेऊ नका, जेवढी पट्टी दिसते तेवढी सगळी घ्या, कारण टोकाला एखाद-दोन पिक्सेल इकडेतिकडे होणारच, आणि ती चूक लांब अंतरात जिरते. अजून एक, ४० एक्सच्या पुढे ती बारीक रेघसुद्धा चांगली जाड दिसायला लागते, मग नेमकं कुठून मोजायचं? पहिल्या रेघेच्या डाव्या कडेपासून शेवटच्या रेघेच्या डाव्याच कडेपर्यंत. एकीकडे डावी कड आणि दुसरीकडे उजवी घेतली की एका रेघेची जाडी उगाच मापात येते.

मग अ‍ॅनालाइझ मेनूत सेट स्केल. पिक्सेलचा आकडा आपोआप आलेला असतो, खाली खरं अंतर आणि युनिट भरायचं. माझ्या सेटअपवर ४० एक्सला ३० भाग म्हणजे ३०० मायक्रॉन आणि १७३७ पिक्सेल येतात, म्हणजे मायक्रॉनला ५.७९ पिक्सेल. ओके केलं की खिडकीच्या वरच्या पट्टीत इमेजची रुंदी मायक्रॉनमध्ये दिसायला लागते. ग्लोबलची टिकमार्क मात्र विचार करूनच लावा, ती लावली की नंतर उघडलेल्या प्रत्येक इमेजला तेच स्केल लागतं, ऑब्जेक्टिव्ह कुठलाही असो.

असंच प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला वेगळं करायचं. १० एक्सच्या आकड्याला चारने गुणून ४० एक्सचा काढू नका, लेन्सवर लिहिलेलं मॅग्निफिकेशन अगदी तंतोतंत नसतं. गुणाकार फक्त पडताळ्यासाठी, माझं १० एक्सला १.४५ येतं, चारपट ५.८, म्हणजे ठीक आहे. ५.८ च्या जागी प्रत्यक्षात ४.५ आलं असतं तर कुठेतरी गडबड आहे. आणि पट्टी ९० अंशात फिरवून एकदा उभीही मोजा, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

पडताळायला सगळ्यात चांगला स्वतःच्या रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला पातळ थर. तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉनची. ती ३० च्या आसपास दाखवत असेल तर ४० एक्सच्या फोटोला १० एक्सचं स्केल लागलंय, दुसरं काही नाही.

आता जे मला खरंच कळकळीने सांगायचंय ते. आमच्याकडे एका मुलीचं परागकणांचं प्रोजेक्ट होतं, ६० मायक्रॉनचे कण तिला ५० भरत होते, चार दिवस आम्ही मायक्रोस्कोपच तपासत बसलो. शेवटी कळलं की फोटो मोबाईलवरून मेसेजमधून आले होते आणि वाटेत १९२० पिक्सेलची रुंदी १६०० झाली होती. दिसायला फोटो तसाच, माप मात्र सहावा हिस्सा कमी. स्क्रीनवर झूम केल्याने काही बिघडत नाही, पण फोटोचा आकार बदलला की स्केल गेलंच. म्हणून फोटो पेनड्राइव्हने न्या आणि टिफमध्ये ठेवा, इमेज-जे टिफमध्ये स्केलही सेव्ह करतं, जेपेगमध्ये ते राहत नाही.

आकडा लिहिताना ७.२३८४ असं लिहू नका. साध्या ४० एक्स लेन्सला, ज्यावर ०.६५ (न्यूमरिकल अपर्चर, यावरून लेन्स किती बारीक दाखवते ते कळतं) लिहिलेलं असतं, साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या खालचं वेगळं दिसतच नाही, त्यामुळे एक दशांश पुष्कळ झाला. आणि जास्वंदीसारखा काटेरी परागकण असेल तर माप काट्यांसकट आहे की काटे सोडून, हे शेजारी लिहाच, नाहीतर दुसऱ्याला ते वापरताच येत नाही.

सगळे आकडे एका कागदावर लिहा, ऑब्जेक्टिव्ह, अ‍ॅडॅप्टर (कॅमेरा नळीला जोडणारा भाग), रिझोल्यूशन, तारीख, आणि तो कागद मायक्रोस्कोपलाच चिकटवा. कॅमेरा काढून परत लावला किंवा अ‍ॅडॅप्टर बदलला की तारीख खोडायची आणि पट्टी परत ठेवायची.