कौलारू छपराच्या पाख्यावर ऑटोलिस्प शिका

मृगाचा पाऊस एकदा धरला की कोकणात नवी बांधकामं जवळपास थांबतात. चिरेखाणीत पाणी साचतं, साइटच्या रस्त्यावर डंपर रुततो आणि ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनला जरा श्वास घ्यायला मिळतो. ऑटोकॅड या संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरला आपोआप कामं सांगायची भाषा, म्हणजे ऑटोलिस्प (थोडक्यात लिस्प), शिकायची तर याच चार महिन्यांत.

पायथन ही दुसरी प्रोग्रामिंगची भाषा का नको, असं हमखास विचारलं जातं. रायनो, फ्रीकॅड किंवा रेव्हिटमधल्या डायनॅमोसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम असेल तर पायथनच शिका. पण लहान ऑफिसातलं रोजचं ड्रॉइंग ऑटोकॅडमध्येच होत असेल, तर त्याच्या पोटात १९८६ पासून असलेली भाषा सोडून दुसरीकडे जाण्यात अर्थ नाही. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. फक्त तुमच्याकडे ऑटोकॅड एलटी, म्हणजे त्याची कमी सोयींची आवृत्ती, आहे का ते पाहा. एलटीमध्ये ऑटोलिस्प २०२४ च्या आवृत्तीपासून चालतं, त्याआधीच्या एलटीत नाही. ब्रिक्सकॅड आणि झेडडब्ल्यूकॅड या ऑटोकॅडसारख्याच सॉफ्टवेअरमध्येही लिस्प चालतं.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. रोज हाताने काढावी लागणारी एक गोष्ट निवडा आणि तेवढ्यापुरतीच भाषा शिका. इथे आपण कौलारू घराच्या सेक्शनमधली (उभ्या छेदातली) दोन पाखी, म्हणजे छपराच्या दोन उतरत्या बाजू, घेऊ.

आधी कमांड लाइनवर खेळा

इथला कोड देवनागरीत लिहिला आहे. टंकताना अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजी. ऑटोकॅड उघडा आणि कमांड लाइनवर हे लिहून एंटर मारा:

(+ ३००० ७५०)

उत्तर ३७५० येईल. लिस्पमध्ये काय करायचं ते आधी, कशावर करायचं ते नंतर, आणि सगळं कंसात. व्याकरण म्हणाल तर बहुतेक एवढंच.

आता (/ ७ २) करून पाहा. उत्तर ३ येतं, साडेतीन नाही! दोन्ही आकडे पूर्णांक असले की लिस्प अपूर्णांक टाकून देतं. (/ ७.० २) लिहिलं की ३.५ मिळतं. माप बिनसलं की आधी इथेच शोधा.

किंमत साठवायला सेटक्यू (गाळा म्हणजे दोन भिंतींमधलं अंतर, वासा म्हणजे छपराचं तिरपं लाकूड):

(सेटक्यू गाळा ६०००.०)
(सेटक्यू कोन (* पाय (/ ३०.० १८०.०)))
(सेटक्यू वासा (/ गाळा २ (कॉस कोन)))

पाय ही किंमत लिस्पला आधीच माहीत असते. दुसऱ्या ओळीत ३० अंशांचे रेडियन केले, कारण साइन आणि कॉस यांना अंश कळत नाहीत. तिसऱ्या ओळीत अर्ध्या गाळ्याला कॉसने भागलं की वाशाची लांबी मिळते. मग !वासा लिहा, ३४६४.१ च्या आसपास आकडा दिसेल. कॅल्क्युलेटरवर ताडून पाहा. आढ्याची, म्हणजे छपराच्या शेंड्याची, उंची हवी असेल तर टॅन शोधत बसू नका, ऑटोलिस्पमध्ये तो नाहीच. साइनला कॉसने भागा आणि अर्ध्या गाळ्याने गुणा: १७३२.

नावं मराठी ठेवण्यात एक फायदा आहे. डिस्टन्स, अँगल, लेंग्थ ही लिस्पची स्वतःची नावं आहेत, त्यांत किंमत भरली की मूळ काम बिघडतं. वासा, गाळा, आढे यांच्याशी कोणाची टक्कर होत नाही.

मग फाइल

नोटपॅडमध्ये हे लिहा:

(डिफन सी:पाखे ()
(सेटक्यू डावी (गेटपॉइंट "डाव्या भिंतीचा माथा: "))
(सेटक्यू गाळा (गेटरिअल "गाळा: "))
(सेटक्यू कोन (* पाय (/ ३०.० १८०.०)))
(सेटक्यू वासा (/ गाळा २ (कॉस कोन)))
(सेटक्यू आढे (पोलर डावी कोन वासा))
(सेटक्यू उजवी (पोलर डावी ० गाळा))
(कमांड "_लाइन" "_नॉन" डावी "_नॉन" आढे "_नॉन" उजवी "")
(प्रिंक)
)

डिफन नवं काम ठरवतं, त्याचं स्पेलिंग डी-ई-एफ-यू-एन. प्रिंक शेवटी कमांड गुपचूप संपवतं, त्याचं पी-आर-आय-एन-सी. गेटपॉइंट बिंदू विचारतं, गेटरिअल आकडा. सी: लावल्यामुळे पाखे ही लाइन किंवा ट्रिमसारखी कमांड बनते. पोलर म्हणजे या बिंदूपासून या कोनात इतकं अंतर. शेवटचं रिकामं अवतरण म्हणजे एंटर. "_नॉन" मात्र गाळू नका. ऑब्जेक्ट स्नॅप (बिंदू आपोआप जवळच्या रेघेवर पकडण्याची सोय) चालू असला की कोडने दिलेला बिंदूही जवळच्या रेघेच्या टोकाला जाऊन चिकटतो, आणि आढं भलतीकडेच दिसतं.

सेव्ह करताना प्रकारात ऑल फाइल्स निवडा आणि नावाच्या शेवटी एलएसपी लावा, नाहीतर नोटपॅड मागे टीएक्सटी चिकटवतं. मग ॲपलोड कमांडने फाइल लोड करा. फाइल विश्वासाची आहे का असं ऑटोकॅड विचारेल. स्वतः लिहिली असेल तर हो म्हणा. व्हॉट्सॲपवर आलेली कुणाचीही लिस्प उघडून न वाचता लोड करू नका, कारण लिस्पला तुमच्या फाइली पुसताही येतात. शिवाय अशा प्रवासात सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि चांगला कोडही चालत नाही.

कमांड लाइनवर पाखे लिहा, बिंदू दाखवा, ६००० द्या. दोन पाखी उभी राहतील.

अडलं तर

पहिल्या आठवड्यातल्या चुका बहुतेक कंसांच्या असतात. कमांड लाइनवर उघडा कंस आणि बाणाचं चिन्ह दिसत राहिलं तर कंस मिटायचा राहिला आहे. एस्केप दाबा, मोजा, पुन्हा लिहा. मालफॉर्म्ड लिस्ट असा संदेशही बहुधा त्याचाच. बाकी चुकांसाठी ! लावून एकेक किंमत तपासा. सगळं नीट चाललं की डिफनच्या ओळीतल्या रिकाम्या कंसात तिरपी रेघ देऊन नावं भरा: (/ डावी गाळा कोन वासा आढे उजवी). म्हणजे ती कमांडपुरतीच राहतात. हे आधीच केलंत तर कमांड संपल्यावर ! लावून काहीच दिसणार नाही, म्हणून शेवटी.

पुढे

कोन कोडमध्ये कोरलेला आहे, तो गेटरिअलने विचारून घ्या. मग पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून वासा बाहेर काढा. भिंतीबाहेर आडवं ७५० हवं असेल तर अर्ध्या गाळ्यात ७५० मिळवून कॉसने भागा, वासा ४३३० होतो. रेघ आता भिंतीच्या माथ्यावर नाही, त्याच्या खाली आणि बाहेर सुरू व्हायला हवी. ती पोलरनेच कशी काढायची हे स्वतः सोडवा. त्यानंतर पडवीचं एकपाखी छप्पर, मग एसएसगेट (ड्रॉइंगमधल्या वस्तू निवडून घेणारी लिस्पची आज्ञा) शिकून ड्रॉइंगमधल्या खिडक्या मोजणं. डायलॉग बॉक्स बनवण्याच्या नादी मात्र इतक्यात लागू नका. त्यात वेळ फार जातो आणि काम तेवढंच होतं.