बाटल्यांची तुलना करताय? मग या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत गच्चीवरच्या बैठकीचा एक ठरलेला वाद असतो. स्कॉच भारी की आपली भारतीय सिंगल मॉल्ट (एकाच भट्टीतली, मोड आणलेल्या जवाची व्हिस्की), रम की व्हिस्की, 'नीट' म्हणजे काही न मिसळता की पाण्यातून. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर, कुठेही जा, तासाभरात आवाज चढतात आणि वहिनी जिन्यातून डोकावून जातात. माझं ऐकाल तर हा वाद दारूचा नसतोच. तो बर्फाचा, ग्लासाचा आणि शेवेचा असतो. एकाने सोडा ओतलेला, दुसऱ्याने नीट घेतलेली, तिसऱ्याच्या तोंडात शेवेचा बोकणा, आणि तिघंही एकाच बाटलीवर तावातावाने मत देतात. तेच ते बघून वैताग आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

बाटली फ्रीझरमध्ये टाकणं

ही चूक माझी खास नावडती. मे महिना होता, पारा बेचाळिशीला टेकलेला. एका मित्राच्या भाच्याने दुबईहून चांगली ४६ टक्के मद्यार्काची सिंगल मॉल्ट आणून दिली होती. आठ वाजता मंडळी जमणार, म्हणून यजमानांनी दुपारीच बाटली बिअरसारखी फ्रीझरमध्ये आडवी घातली. रात्री काढली तर आतला माल ढगाळ, भाताच्या पेजेसारखा. झालं! आमच्यात एक स्वयंघोषित जाणकार आहेत. त्यांनी बाटली दिव्यासमोर धरली, दोनदा हलवली आणि निकाल दिला, "डुप्लिकेट आहे, भिया. सरळ डुप्लिकेट." लगेच दुबईला फोन. "काय रे, कुठून उचललीस?" बिचारा भाचा बिलाचा फोटो पाठवतोय, इकडे बाटली मोरीत ओतायची तयारी चाललीय. मी बाटली हातातून काढून घेतली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभी करून ठेवली. म्हटलं, तोवर रम घ्या. मंडळी जेवायला खाली उतरेपर्यंत माल आपोआप निवळला, पहिल्यासारखा सोनेरी. जाणकार तरीही म्हणाले, "तळाशी बघा, काहीतरी आहे."

तळाशी काही नव्हतं. धान्य आंबवताना आणि मद्य पिंपात मुरताना त्यात स्निग्ध आम्लांची काही संयुगं उतरतात. मद्यार्क भरपूर असेल आणि हवा साधी असेल तर ती विरघळून राहतात, कडक थंडीत बाहेर पडतात आणि द्रव गढूळ दिसतो. ग्राहक घाबरू नये म्हणून बऱ्याच कंपन्या व्हिस्की शून्य अंशाच्या आसपास थंड करून गाळतात. काही मुद्दाम गाळत नाहीत, कारण त्या गाळणीत थोडी चव आणि जिभेवरचा तेलकटपणाही जातो असं त्यांचं म्हणणं. अशा बाटल्या बहुधा ४६ टक्क्यांना किंवा त्याहून वर भरतात, म्हणजे साध्या थंडीत त्या गढुळत नाहीत. पण घरचा फ्रीझर उणे १८ अंशांवर चालतो, त्याच्यापुढे ४६ टक्के काय करणार? तेव्हा ढगाळ दिसली की भेसळ असं समजू नका. उलट ती न गाळलेली असण्याचीच शक्यता जास्त.

फ्रीझरमध्ये घालायचीच असेल तर व्होडका घाला. ती गोठत नाही, नुसती दाटसर होते आणि तशी छान लागते. व्हिस्कीचा मात्र वास थंडीत झोपतो, आणि व्हिस्कीत वासच काढून घेतला तर उरतं काय?

बर्फ

पहिला घोट बर्फाशिवाय घ्या, मग हवा तेवढा टाका, उन्हाळ्यात मीही टाकतो. फक्त तो बर्फ हुंगून बघा. ट्रे उघडा, शेजारी सोललेल्या मटारांची पिशवी आणि कालची मसाल्याची वाटी, आणि पाहुणा विचारतो, "ह्यात जरा हिंगासारखं काय लागतंय?" बर्फ झाकणाच्या डब्यात लावा, वापरण्याआधी एकदा पाण्याखाली धरा. आणि खडे मोठे घ्या. बारीक खडे इंदूरच्या मेमध्ये पहिल्या गप्पेलाच विरघळतात आणि पेगाचं सरबत होतं.

"पाणी घालतोस? मग प्यायचीच कशाला?"

हे वाक्य मला फार ऐकावं लागतं. बोलणारा सहसा नवीन असतो, नीट पिऊन डोळ्यांतलं पाणी लपवत असतो. ज्यांचा धंदाच व्हिस्की हुंगण्याचा आहे ते स्कॉटलंडमधले ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांतली व्हिस्की मिसळणारे लोक, नमुना साधारण २० टक्क्यांपर्यंत पाणी घालून उतरवतात आणि मगच नाक लावतात. का, तर मद्यार्काचा झोंबरेपणा बाजूला झाल्याशिवाय बाकीचे वास सापडत नाहीत. स्वीडनच्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर हे रेणूंच्या पातळीवर मांडलं. धुरकट वास देणारा ग्वायाकॉल हा रेणू मद्यार्क ५९ टक्क्यांच्या वर असेल तर त्यातच गुरफटून आत राहतो आणि ४५ टक्के किंवा त्याखाली आलं की पृष्ठभागाकडे सरकतो, म्हणजे तुमच्या नाकाजवळ येतो.

आता हिशोब करा. ६० टक्क्यांची कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पिंपातल्याच ताकदीला भरलेली बाटली आहे, ३० मिली ओतलीत. त्यात १० मिली, म्हणजे दोन चमचे पाणी घातलं की ती ४५ वर येते. एवढ्याने कुणाची मर्दानगी बुडत नाही. उलट आपली नेहमीची ४२.८ टक्क्यांची असेल तर ती आधीच त्याखाली आहे, तिला चमचाभरच पुरे. हा ४२.८ चा विचित्र आकडा आला कुठून असं लोक विचारतात. दारूची ताकद मोजायच्या इंग्रजांच्या जुन्या प्रूफ मोजणीतला तो ७५ आहे. त्यात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, त्याचे पाऊण काढा.

मी स्वतः चहाचा चमचा घेऊन बसतो, एक चमचा पाणी, मग वास, मग घोट, मग वाटलं तर दुसरा. पाणी आरओचं किंवा सीलबंद बाटलीतलं. नळाच्या पाण्याला कधीकधी क्लोरीनचा वास येतो आणि तो ग्लासात उतरतो. घाई असलेल्यांना हा चमच्याचा खेळ पटत नाही. त्यांनी सोडा प्यावा, पण मग दोन बाटल्यांतला फरक सांगायला बसू नये.

लौंग शेवेबरोबर चाखणं

इंदुरी माणसाला ही सांगितली की राग येतो. शेवेवाचून बैठक कसली? पण लवंगेचा वास आणि चव ज्यामुळे आहे तो युजेनॉल ओकच्या पिंपातूनही दारूत उतरतो. जुन्या व्हिस्कीत जी लवंगेची, मसाल्याची झाक लागते ती त्याचीच. तेव्हा तोंडात लौंग शेव ठेवून "हिला लवंगेचा वास आहे" असं म्हणणाऱ्याला उत्तर काय द्यायचं? वर युजेनॉल जीभ बधिर करतो, दाताच्या डॉक्टरांकडचं लवंगेचं तेल आठवा. त्यावर जीरावण, म्हणजे आपला इंदुरी मसाला, भुरभुरलेलं काही खाल्लं तर विषयच संपला.

चाखताना तोंडात फार तर साधी पोळी, भाजलेले शेंगदाणे, पाणी. शेव, गराडू, भुट्ट्याचा कीस हे सगळं निकाल लागल्यावर. भुट्ट्याच्या किसाबरोबर तर रम काय लागते म्हणून सांगू! पण नंतर.

तुलना करायची म्हणजे अटी सारख्या ठेवायच्या

एकाला कास्क स्ट्रेंथ, दुसऱ्याला ४० टक्क्यांची ब्लेंड, आणि "पहिली जळते, दुसरी स्मूथ" असा निकाल. अहो, पहिलीत मद्यार्क दीडपट आहे, जळणारच. दोन्ही साधारण एका ताकदीला आणा, ग्लास सारखे घ्या, खाली फुगीर आणि वर निमुळते. माप प्रत्येकी १५ मिली. चार बाटल्यांचे मिळून एक लार्जच होतो, शुद्धीवर राहता, आणि तरीही घरी गाडी दुसऱ्याने चालवायची. क्रम हलक्याकडून जडाकडे, धुरकट सगळ्यांत शेवटी, कारण पीटचा, म्हणजे धान्य वाळवताना जाळतात त्या दलदलीच्या मातीचा, धूर एकदा जिभेवर बसला की पुढची कुठलीही बाटली फिकी लागते.

आणि लेबल झाकायचं. माझी एक वाईट खोड आहे, मी ग्लासांच्या तळाला खडूने आकडे घालतो आणि एकच माल दोनदा ठेवतो, एकदा सुरुवातीला, एकदा शेवटच्या आधी. मंडळींना सांगत नाही. त्याच व्हिस्कीला पहिल्यांदा "पातळ आहे, दम नाही" म्हणणारा माणूस अर्ध्या तासाने तिलाच "ही बघा, ही खरी" म्हणतो. उलगडा केल्यावर त्या रात्री माझ्याशी कुणी धड बोलत नाही. पण त्यानंतर स्कॉच की भारतीय यावरचे आवाज खाली येतात हे मी बघितलंय.

बडोद्याहून कुणाचे भाऊजी आले की हे सगळं कोलमडतं. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी, त्यामुळे इथे पोचल्या पोचल्या त्यांचा पहिला पेग उभ्यानेच होतो, दुसरा बसेपर्यंत. मग म्हणतात, "चला, कुठली चांगली ते बघू." भाऊजी, आता उद्या बघू. घाईने प्यायलेल्या जिभेला सगळ्या बाटल्या सारख्याच प्रेमळ वाटतात.

लेबलावरचं वय आणि खिशातला भाव

बारा वर्षांची स्कॉच पाच वर्षांच्या बंगळुरूच्या किंवा गोव्याच्या मॉल्टपेक्षा मोठी, हे गणित चुकीचं आहे. स्कॉटलंडच्या गारठ्यात पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के माल उडून जातो, बंगळुरूत १० ते १२. उष्णतेने लाकूडही जलद उतरतं. बंगळुरूत बारा वर्षं ठेवलं तर पिंपात फार थोडं उरतं आणि उरेल ते नुसतं लाकूड लागू शकतं. बाटलीवरचा आकडा त्यातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा असतो, हेही लक्षात असू द्या. महाग म्हणजे चांगली असं मानणाऱ्यांना मी लेबल झाकून पाजतो, एवढंच.

बारीकसारीक

बाटली आडवी ठेवू नका. वाइनची चालते, ४० टक्क्यांच्या मद्यार्कात बूच कुजतं.

शोकेसमध्ये उन्हात मांडू नका.

अर्धी संपलेली बाटली वर्षभर पुरवू नका, आतली हवा चव खाते. लहान बाटलीत काढा.

नाक ग्लासात खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून वरून हुंगा.

टकिलाच्या लेबलावर १०० टक्के अगावे (टकिला ज्या वनस्पतीची करतात ती) लिहिलं असेल तर मीठ-लिंबू बाजूला ठेवा.

काजूच्या फेणीला व्हिस्कीच्या मापाने मोजू नका, तो वासच तिचा स्वभाव आहे. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते काही वास मारून नव्हे.

मोहाची

ही आपल्या मुलखातली, म्हणून शेवटी मुद्दाम. अलीराजपूरच्या आदिवासी बचत गटांची परवान्याची 'मोहुलो' मिळाली तर घ्या. खेड्यातून कुणीतरी कॅनमधून आणलेली मात्र कितीही आग्रह झाला तरी नको. त्यात मिथेनॉल असेल तर ते चवीने कळत नाही आणि डोळे जातात. परवान्याची असेल तर साधीच घ्या, खोलीच्या तापमानाला, चमचाभर पाण्याने. सुकलेल्या मोहाच्या फुलाचा तो गोडसर, जरा मातकट वास आधी येऊ द्या. त्यात कोला ओतणाऱ्याला माझ्या गच्चीवर दुसरा पेग मिळत नाही.